अकरा कूलर

मे महिना. सिव्हिल लाइन्समधलं प्रशिक्षण केंद्र,
दुसरा मजला, खिडक्यांना वाळ्याच्या ओल्या ताट्या.
समोर बावीस जण, नुकतीच बढती मिळालेले.
कालपर्यंत प्रत्येकाकडे एकच काम होतं,
एक पूल, नाहीतर एक नाली, नाहीतर एक अंगणवाडी.
आता प्रत्येकाच्या पदरात सात-सात, नऊ-नऊ.

मी फळ्यावर आडव्या पट्ट्या ओढते.
ही उमरेडची टाकी. ही मौद्याची शाळा.
ही पारडीची नाली,
जी माझ्या आधीच्या दोघांनीही याच फळ्यावर काढली होती.
हिरवं म्हणजे ठीक. पिवळं म्हणजे लक्ष असू द्या.
लाल म्हणजे साहेबांनी विचारायच्या आत तुम्ही सांगा.
सगळे लिहून घेतात.
कुंदा गजभिये तर तीन रंगांचे पेन घेऊन आली आहे.

बारापात्रे हात वर करतो:
"मॅडम, कामं नऊ अन् गाडी एक,
तेही आठवड्यातून दोनदा. पट्टी सरकन कशी?"
हशा. मीही हसते.
उत्तर पुढच्या स्लाइडवर आहे, म्हणते.
पुढच्या स्लाइडवर ते नसतं.

एक टाकी मी कधीच शिकवलेली नाही.
भिवापूरकडची. माझ्या अहवालात अकरा महिने हिरवी.
तिच्या रखवालदाराची तक्रार नव्हती, त्याच्याकडे फोनही नव्हता.
ओरडणारी कामं सहा होती,
मी सहाही ठिकाणी धावले, पाठीवर थाप घेतली.
टाकी बांधून उभी होती, पाइप आलाच नव्हता.
बायका तिच्या सावलीत हंडे टेकवून दम खायच्या
आणि पुढे विहिरीकडे जायच्या.
तेवढाच तिचा उपयोग. सावलीचा रकाना
आमच्या तक्त्यात नव्हता.

पावणेतीनला रूपलाल आत येतो, कुणी न बोलावता.
मागच्या कूलरची जाळी उचलतो, दोन बादल्या ओततो,
पंपाला टिचकी मारतो.
"तुला कसं कळलं रे?"
"जिन्यात होतो जी. पाणी पडाचा आवाज बंद झाला ना."
"किती कूलर आहेत तुझ्याकडे?"
"अकरा."
"वही ठेवतोस?"
"वही कायले? जो खडखड करते तो चालू असते,
त्याले करू द्याचं खडखड.
गप झाला, का मी पयले तिकडं जातो."

बादली घेऊन तो गेला.
फळ्यावरच्या पट्ट्या तशाच.
कुंदानं हिरवा पेन उचलला, पुन्हा ठेवला.
मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, असं आता वाटतं.

तीन दिवसांत एक शब्द न काढलेला उईके
मोबाइलवर नावांच्या यादीत खाली खाली गेला,
मग बॅग उचलून माझ्याजवळ आला.
"देवलापारच्या वसतिगृहावरून सोमवारपासून फोन नाही.
साडेतीनची बस सापडते, मॅडम."
पाचला समारोप होता. पाहुणे, संत्रा बर्फी, प्रमाणपत्रं.
पूर्ण हजेरी नसेल तर प्रमाणपत्र नाही, हा नियमही
पहिल्या दिवशी मीच वाचून दाखवला होता.
मी म्हटलं, दुपट्टा बांध डोक्याला,
बाहेर पंचेचाळीस आहे.

संध्याकाळी अभिप्रायाचे फॉर्म मोजले. एकवीस.
प्रशिक्षण उपयुक्त होते. जेवण बरे होते.
एकानं लिहिलंय, कूलर चांगले होते.
उईकेचं प्रमाणपत्र, नाव चुकून 'ऊईके' छापलेलं,
नियमाबाहेर माझ्या पर्समध्ये आहे.

आज गुरुवार.
देवलापारला काय निघालं, मला माहीत नाही.
बारापात्रेचे चार फोन आले, गाडीबद्दल.
कुंदानं रंगवलेला तक्ता पाठवलाय.
उईकेचा फोन नाही.